पाचवं पेडल

लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार सरकलं आणि बाहेर पाऊल टाकताना त्याच्या बुटाचं टोक उंबरठ्याला अडकलं. बोटभर. लिफ्ट बोटभर खाली थांबली होती. दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घालून चालता झाला असता, पण हा पडला लिफ्ट-मेकॅनिक, नुकताच निवृत्त झालेला, आणि आख्खी नोकरी त्यानं ह्याच बोटभराशी भांडण्यात घालवलेली. त्याच्या मागं आत एक कपाट, कपाट धरलेले दोन हमाल आणि कपाटाच्या मालकीणबाई एवढा ऐवज भरला होता. म्हणजे दोर ताणला गेला. तळमजल्यावर दोर सगळ्यात लांब सुटलेला असतो, म्हणून तिथंच तो जास्त ताणतो आणि लिफ्ट खाली बसते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं हे घडाघडा सांगितलं असतं. पण त्या क्षणी त्याला दोर आठवलाच नाही. पाय अडखळला, पोटात काहीतरी हळूच खाली गेलं, आणि त्या खाली जाण्याला चक्क आवाज होता. एक सूर, वाजता वाजता केसभर खाली बसणारा, आणि त्याच्या पाठोपाठ ओल्या लोकरीचा वास. तो तिथंच खांबासारखा उभा राहिला. मागून हमाल म्हणाला, "काका, बाहेर तरी या नाहीतर आत तरी जा. कपाट आहे हे, कापूस नाही."

तो बाहेर आला, पण अर्धाच. उरलेला अर्धा तळ्याकाठच्या हॉटेलात पोचला होता, स्टेजच्या मागच्या खोलीत, पाहुण्यांच्या ओल्या कोटांच्या ढिगाऱ्यात. आईबापांची कारखान्यात संध्याकाळची पाळी असायची, म्हणून त्याला आत्याच्या हवाली केलं जाई, आणि आत्या त्याला कोटांच्या हवाली करी. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, हॉटेलच्या बँडमध्ये पेडल स्टील गिटार वाजवणारी. ती गिटार गळ्यात अडकवायची नसते. चार पायांवर टेबलासारखी आडवी असते, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी कांडी धरून तारांवरून फिरवायची, उजव्या हातानं छेडायचं, आणि खाली पायाशी पेडलं. पेडल दाबलं की पोटातली सळई एखादी तार ओढते आणि वाजता वाजताच सूर वर चढतो. नवा पाहुणा हमखास विचारायचा की ह्या बाई सगळ्यांसमोर शिवणकाम का करतायत. आत्या तरी कमी होती का? "गाऊन उसवलाय तुमच्या बायकोचा, तोच शिवतेय," असं ती बसल्या जागेवरून सांगायची आणि तो पाहुणा रात्रभर बायकोच्या पाठीमागं फिरत राहायचा. असं ती म्हणते. ती असंही म्हणते की एकदा तिनं सूर इतका लांबवला की वेटर आत गेला, सूप घेऊन आला, गिऱ्हाइकानं सूप थंड आहे म्हणून परत पाठवलं, गरम होऊन आलं, तरी सूर चालूच. एका कर्नलच्या मिशा तिच्या सुराबरोबर खाली यायच्या, आणि एक जोडपं तिच्या वाजवण्यावर इतकं सावकाश नाचायचं की नाच संपेतो त्यांना मुलगी झाली. आत्या सांगते त्यातलं अर्धं खरं धरायचं असतं. कुठलं अर्धं, ते तिलाही विचारायचं नसतं. पण तो सूर खरा होता. तो त्यानं कोटांखालून ऐकला होता. आत्या दोन पेडलं जोरात दाबायची, एक सूर वर जायचा आणि बाकीचे जरासे, अगदी केसभर, खाली बसायचे. दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसे. ते बसले की ह्याचा डोळा मिटायचा. इतक्या वर्षांत तसा पुन्हा मिटला नव्हता.

बाजारात जायचं ते राहिलं, पिशवी तशीच काखेत मारून तो पलीकडच्या गल्लीत आत्याच्या घरी गेला. ती खिडकीत बसून नखं रंगवत होती. पंच्याऐंशी उलटली तरी नखं लाल.

"आत्या, तुझी गिटार कुठंय?"

"पलंगाखाली. मी मेले की तिच्याच पेटीत घाला मला, मापाची आहे."

"मी दुरुस्त करू?"

आत्यानं ब्रश थांबवला. "बारक्या, तू लिफ्टवाला. गिटार वर जाऊन चौथ्या मजल्यावर थांबायची." तो साठी ओलांडलेला, दारात मावणार नाही असा माणूस, पण तिच्या घरात तो बारक्याच. तिनं नखांवर फुंकर मारली. "कर. पण मला पाच पेडलं हवीत."

"तीनच होती ना?"

"तीनच होती, तेच तर सलतंय जन्मभर. तळ्यापलीकडच्या हॉटेलात तो टकल्या वाजवायचा, त्याच्याकडे पाच होती. वाजवता एकही येत नव्हतं, पण होती पाच."

"बरं. चौथ्यानं काय करायचं?"

"मधली तार अर्धा सूर खाली आणायची. तेवढं एक मला कायम हवं होतं."

"आणि पाचव्यानं?"

"पाचव्यानं दिसायचं." मग तिनं लाल बोट त्याच्यासमोर धरलं. "एक सांगून ठेवते. मी एकदाच बसेन तिच्यापुढं. तिचा आवाज तिचाच निघाला तर वाजवीन. नाहीतर भंगारवाला बोलवायचा. पेटी तेवढी ठेवा."

आपल्याला नेमकं काय हवंय ते त्यानं सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? साठीच्या माणसानं आत्याला म्हणायचं की तुझा तो सूर खाली बसायचा ना, तो मला एकदा हवाय, मला झोप येत नाही?

गिटार जेवणाच्या टेबलावर चढली आणि घरातली दोघं जणं ओट्याशी उभ्यानं जेवायला लागली. बायको म्हणाली, "निवृत्त झालात की घरात लक्ष द्याल वाटलं होतं. लक्ष दिलंत खरं, पण टेबलाकडे." त्याला ऐकू आलं आणि आलं नाहीही. त्यानं गिटार उलटी केली होती आणि तिचं पोट बघून हरखला होता. हे त्याच्या ओळखीचं जग होतं. दांडे, बिजागऱ्या, सळया, स्प्रिंगा. इथं ओढलं की तिथं हलायचं. जणू कुणी लिफ्टच्या माथ्यावरची आख्खी यंत्रखोली आडवी करून एका पाटाखाली कोंबली होती. तेलाचा डिंक झालेला. तारा ज्यांवरून वळतात ती ॲल्युमिनियमची बोटं एकमेकांना अशी चिकटलेली, की कुणी त्यांना शपथ घातली असावी. एकेक बोट काढून त्यानं रॉकेलमध्ये बुडवलं, जुन्या टूथब्रशानं घासलं, उजेडात धरलं. प्रत्येक बोटाच्या पाठीवर तारेनं झिजवलेली बारीक खाच होती, आणि मधल्या बोटांवर ती जास्त खोल. म्हणजे आत्याचा जीव कुठं होता ते दिसत होतं. अंगठ्यानं त्या खाचेवरून फिरताना त्याला उगाच चोरून काही वाचल्यासारखं वाटलं आणि त्यानं आजूबाजूला बघितलं. लाकडाच्या पाटाला मात्र खालून आडवी भेग गेली होती, हातभर. त्यात त्यानं सरस भरला, शिकंजे लावले. मग नवी पेडलं. लिफ्टच्या दाराशी खोबणीची पट्टी असते ना, तिचा एक जुना तुकडा त्याच्याकडे होता. तो कापून, कानशीनं गोल करून दोन पेडलं झाली, जुन्या तिघांच्या शेजारी अगदी सख्ख्या भावंडांसारखी. त्यांचे आडवे दांडे बसवले. चौथ्याला सळई जोडली, पाचवं नुसतंच स्प्रिंगवर हलतं ठेवलं. आता चार पेडलांची ओढ, आणि पाट भेगाळलेला; तो वाकणार. वाकणं म्हटलं की ह्याचा हात आपोआप पुढं होतो. लिफ्ट ज्या रुळांवरून सरकते त्या रुळाचा एक तुकडा गॅलरीत कुंड्यांखाली पडून होता. तो घासूनपुसून त्यानं पाटाच्या खालून अख्ख्या लांबीत बोल्टांनी आवळला. पाटावर आता हत्ती उभा केला असता तरी तो हलला नसता. तारा लावल्या, फोनवर सूर दाखवणारा दिवा लावला आणि कुठलंही पेडल दाबा, कुठलीही तार छेडा, दिवा हिरवा. बायको बघत होती. "झालं?" "झालं," तो म्हणाला, आणि खूश होऊन त्यानं हिरवा दिवा तिला तीनदा दाखवला. पण त्याच्या पोटात काही खाली गेलं नाही. आपण ते ऐकायला विसरलो की ते आलंच नाही, हे त्याला तेव्हा उमगलं नाही. आत्याच्या हाताखाली येईल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

रविवारी आत्या नटून आली. बसली, पाय पेडलांवर टेकवले, पाच पेडलं मोजली आणि टकल्याच्या नावानं एक समाधानाचा हुंकार दिला. कांडी तारांवर ठेवली. छेडलं, दोन पेडलं दाबली. सूर वर गेला, स्वच्छ, सरळ, काचेसारखा. बाकीचे सूर होते तिथंच शिस्तीत उभे. आत्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. मग कांडी उचलली.

"कुणाची आणलीस?"

"तुझीच आहे, आत्या."

"कसली माझी! ही बाई शहाणी आहे. माझी शहाणी नव्हती." तिनं तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. "सगळं बरोबर बोलते. असल्या बाईशी माझं एक दिवस जमायचं नाही."

"पण चूक काय आहे तिच्यात?"

"तेच तर. काहीच नाही." ती उठली, पदर सारखा केला. "पुढच्या रविवारी भंगारवाल्याला घेऊनच येते. चांगला माणूस आहे, चहा पितो."

तो आठवडा त्याला फार वाईट गेला, आणि गंमत म्हणजे त्याला वाईट कशाचं वाटतंय ते धड सांगताही येईना. तो टेबलाशी बसून पेडल दाबायचा, दिवा हिरवा व्हायचा, आणि तो हिरवा दिवा त्याला साहेबाच्या डोळ्यासारखा दिसायला लागला. त्याचा पहिला साहेब. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली का हे बघायला तो खिशातून नाणं काढायचा, उभं करून मजल्यावरून लिफ्टमध्ये सोडायचा. नाणं न अडखळता आत गडगडत गेलं तर काम पास. ह्यानं आयुष्यभर नाणी गडगडवली होती. किती इमारती, किती उंबरठे, सगळे सपाट केलेले. लोक चालतात आणि त्यांना कळतही नाही की आपण जमिनीवरून हवेत टांगलेल्या पेटीत शिरलो. ते कळू नये म्हणूनच तर त्याला पगार होता. आणि आता त्याला असं वाटू लागलं, की आपल्याला जे हवंय ते नेमकं त्या सपाट केलेल्या जागीच कुठंतरी पडलंय, आणि वरून आपणच चालतोय. रात्री तो कुशीवर वळायचा, बायको म्हणायची, "झोपा हो, वाजू दे तिला कशी वाजते तशी." वाजतेच कुठं, असं त्याच्या ओठांवर यायचं.

गुरुवारी संध्याकाळी दोघं बाजारातून परतली. तळमजल्यावर लिफ्ट रिकामी उभी होती, उंबरठा अगदी सपाट. त्याची नजर सवयीनं खाली गेली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बायको आत शिरली आणि लिफ्ट खाली बसली. जराशी. दमलेल्या माणसासारखी.

"थांब," तो म्हणाला. "बाहेर ये."

"का? काय झालं?"

"ये तर. आता परत आत जा." लिफ्ट पुन्हा बसली. "परत बाहेर ये."

"अहो, माझं वजन मोजताय काय चारचौघांत?"

"परत आत. पिशव्यांसकट."

शेजारच्या बाई जिन्यावर थबकल्या. "काय वहिनी, व्यायाम?"

"नाही हो, निवृत्ती बाधलीय ह्यांना," बायको म्हणाली, आणि तरीही चौथ्यांदा आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळत होतं की हा माणूस तोंड असं उघडं ठेवून उंबरठ्याकडे बघतो तेव्हा त्याला काहीतरी सापडलेलं असतं.

गिटारही वाकायची! आत्या पेडल दाबायची, सळई तार ओढायची, ती ओढ सगळी पाटावर यायची. पाट भेगेतून किंचित वाकायचा, आणि पाट वाकला की ज्या तारांना कुणी हात लावला नव्हता त्या आपोआप केसभर ढिल्या पडायच्या. वजन आत आलं की लिफ्ट बसते तशा. बस्स, एवढंच. तो सूर म्हणजे बिघाड होता. आणि बिघाड दिसला की ह्याचा हात आपोआप पुढं होतो. ज्याच्यासाठी त्यानं गिटार उघडली, तेच त्यानं स्वतःच्या हातानं, रूळ लावून, बोल्ट आवळून सपाट केलं होतं. तो लिफ्टच्या दारात उभ्याउभ्याच हसायला लागला, इतका, की दाराला कळेना मिटायचं की नाही.

रूळ काढायचा? तो काढला तर चार पेडलांच्या ओढीनं पाट मधोमध घडी घालेल. रूळ राहणारच. मग त्यानं ते केलं जे त्याच्या साहेबानं ऐकलं असतं तर त्याची पेन्शन थांबवली असती. पाचवं पेडल रिकामं होतं, नुसतं दिसत होतं. त्याला त्यानं दोन सळया जोडल्या, त्या हात न लावलेल्या तारा ढिल्या सोडणाऱ्या. चूक करायचं पेडल. जन्मभर चुका काढल्या, आता एक घडवायला बसला. आणि घडवायला किती कठीण! सळईच्या टोकाशी नायलॉनची चिमुकली चक्री असते, ती फिरवली की पेडल दाबल्यावर तार किती हलेल ते ठरतं. पण किती? बायको मटार सोलत समोर बसली होती. त्यानं चक्री फिरवली, पेडल दाबलं. "हे पोट बिघडल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. त्यानं उलटी फिरवली. "आता काहीच नाही झालं." पुन्हा. "आता कुणाचीतरी फजिती झाल्यासारखं." फोनचा दिवा लाल होऊन थयथयाट करत होता, त्यानं फोन फडताळात ठेवून दार लावलं. अशी चूक मोजायला त्याच्याकडे मापच नव्हतं. माप होतं ते कोटांखाली.

"आपले कोट कुठं आहेत गं?"

कोट आले, शाली आल्या, एक जुनी घोंगडी आली. तो दिवाणावर आडवा झाला आणि तिनं त्याच्यावर सगळा ढीग रचला, वरून थोडं पाणी शिंपडलं, कारण लोकर ओली हवी असं त्यानंच सांगितलं होतं. मग ती गिटारीपुढं बसली. शेंग सोलायच्या नखानं तार छेडायची आणि पाचवं पेडल दाबायची.

"झोप आली?" तिनं विचारलं.

"नाही. फार खाली गेलं," ढीग म्हणाला.

तिनं चक्री फिरवली. "आता?"

"अजून जरा. केसभर."

"कुणाचा केस? तुमचे तर गेले सगळे."

"तुझा."

ती हसली, चक्री हललीच त्या हसण्यानं, तिनं पुन्हा छेडलं, दाबलं. सूर खाली बसला. दुपारचं ऊन टेबलावर, मटारच्या टरफलांवर पसरलेलं, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत चाललेलं. "आता?" तिनं विचारलं. ढिगातून उत्तर आलं नाही. "अहो?" मग उत्तर आलं, पण घोरण्याचं. बायकोनं हात अलगद चक्रीवरून काढला, कुणी धक्का लावू नये म्हणून गिटारीवर टॉवेल घातला, आणि मटार घेऊन ओट्याशी गेली, पाय न वाजवता.

रविवारी आत्या आली ती खरोखरच भंगारवाल्याला घेऊन. तो खुर्चीच्या कडेवर बसला, चहाची बशी हातात, नजर गिटारीच्या लोखंडावर. आत्या पुढं बसली. पाय पाचव्या पेडलाला लागला तशी थांबली.

"हे हलतंय वेगळं. काय करतं हे?"

"चूक करतं," तो म्हणाला.

"किती?"

"केसभर."

आत्यानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, जणू त्याच्या चेहऱ्यावरून कोट बाजूला सारून आत कोण झोपलंय ते बघत होती. मग कांडी ठेवली, छेडलं, डाव्या पायानं दोन पेडलं दाबली आणि उजव्यानं, हलकेच, पाचवं. सूर वर गेला आणि बाकीचे खाली बसले. "आलीस का गं, वेडे," ती गिटारीला म्हणाली. आणि वाजवायला लागली.

त्यानं सवयीनं डोळे मिटले. सूर खाली बसला, आता झोप येणार. पण कोटांखालची ती दुपारची झोप आठवडाभर पुरेल इतकी झालेली. डोळे आपोआप उघडले आणि सूर पुढं निघाला. पुढं! त्याला दचकायला झालं. तो खाली बसलेला सूर नुसता दम खायला बसला होता. तो उठला, पदर खोचला, आणि अशी काही गिरकी घेतली, असं काही वाह्यात, खदखदून हसणारं वाजायला लागलं, की टेबलावरच्या चमच्यांनी ताल धरला. भंगारवाल्याची बशी डुलत होती. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, पण तिचे खांदे नाचत होते. सबंध लहानपण त्याला वाटत होतं की ते गाणं तिथं संपतं.

"आत्या," तो ओरडला, "हे पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं!"

"कुठून ऐकशील? नेमका इथं घोरायला लागायचास. खरी गंमत ह्याच्या पुढंच असायची!" हात न थांबवता आत्या भंगारवाल्याकडे वळली. "ह्या पाचव्या पेडलासाठी, बरं का, तळ्यापलीकडचा एक टकल्या रोज होडीनं यायचा. नुसतं बघायला. एकदा ऐकता ऐकता होडीतच उभा राहून नाचला, तर..."

"बुडाला?" भंगारवाल्यानं बशी खाली ठेवली.

"छे! होडी बुडाली. तो नाचत राहिला," आत्या म्हणाली, आणि पाचवं पेडल दाबलं.